फळमाशीच्या ठरावीक पेशींतच क्रिस्पर: कामाच्या नोंदी, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

३ जून २०२४

काम असं आहे. फळमाशीच्या अळीच्या शरीरात पुढे ज्यातून पंख होणार तो चपटा पेशीपुंज असतो, त्याला विंग डिस्क म्हणतात. त्या डिस्कमधल्या एका अरुंद पट्ट्यातच जनुक तोडायचं आहे आणि शेजारच्या पेशींना धक्का लागू द्यायचा नाही. आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत असं काम आजवर आरएनएआयने, म्हणजे जनुकाचा आरएनए संदेश नष्ट करून, होत आलं. पण आरएनएआयमध्ये जनुक पुरतं बंद पडत नाही, थोडं प्रथिन शिल्लक राहतंच, आणि आमचा प्रश्न त्या शिल्लक प्रथिनावरच अडला होता. म्हणून क्रिस्पर: यात कॅस९ हे एन्झाइम डीएनए कापतं आणि कुठे कापायचं ते गाइड नावाचा छोटा आरएनए दाखवतो.

नियंत्रण गॅल४-यूएएसचं: गॅल४ हे प्रथिन, यूएएस हा ते जिथे बसतं तो डीएनएचा तुकडा. ब्रँड आणि पेरिमॉन यांची १९९३ची ही पद्धत माशांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालची आहे: ज्या पेशीत गॅल४ बनतं, त्याच पेशीत यूएएसला जोडलेलं जनुक चालू होतं. कॅस९ यूएएसला जोडलं की ते ठरावीक पेशींतच कापेल, असं कागदावर दिसतं. कागदावरचं हे चित्र किती खरं, ते तपासायलाच या नोंदी ठेवते आहे.

थेट विंग डिस्कवर जाणार नाही. आधी यलो या जनुकावर तालीम. यलो मोडलं की त्या पेशीचं कवच आणि केस फिके पिवळे होतात, शेजारची पेशी तपकिरीच राहते. सोबत पॅनिअर-गॅल४, म्हणजे पॅनिअर हे जनुक जिथे चालतं तिथे बनणारं गॅल४; ते माशीच्या पाठीवर मधोमध चालतं. सगळं नीट झालं तर तपकिरी माशीच्या पाठीवर एक पिवळा पट्टा दिसेल. पट्ट्याबाहेर जिथे पिवळं दिसेल तिथे गळती, म्हणजे नको त्या पेशीत कापणं. ना रंगकाम, ना सिक्वेन्सिंग. माशी झोपवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. माद्रिदच्या मोराता यांच्या गटाने १९९६ मध्ये याच्या उलट केलं होतं: पिवळ्या माशीत गॅल४ने यलो परत चालू करून गॅल४ कुठे कुठे आहे ते जिवंत माशीवर पाहिलं. आम्ही तेच चित्र उलटं वाचणार.

१२ जून

गाइड निवडले. यलोचे दोन, आणि पुढच्या टप्प्यासाठी सेन्सलेस या जनुकाचे दोन. एकाच गाइडवर भागत नाही, कारण तुटलेला डीएनए पेशी जोडते तेव्हा कधी कधी तीनच्या पटीत अक्षरं जातात किंवा वाढतात आणि प्रथिन चालूच राहतं. दोन जागी कापलं की अशा वाचलेल्या पेशी कमी होतात.

गाइड मागवण्याआधी आपल्याच माशांचा डीएनए वाचून घ्या. माहितीकोशातला क्रम आणि आपल्या स्टॉकमधला (पाळलेल्या माशांच्या वंशातला) क्रम एक असेलच असं नाही. यलोचा सर्वांत चांगला वाटलेला गाइड याच कारणाने बाद झाला: कॅस९ला गाइडशेजारी जे दोन जी (डीएनएचं एक अक्षर) लागतात, त्यांतला एक आमच्या माशांत ए निघाला. तिथे कॅस९ बसलंच नसतं. सॅन्गर पद्धतीने डीएनएच्या एका वाचनाला काहीशे रुपये पडतात. हा प्रकार नंतर कळला असता तर इंजेक्शनचा सगळा खर्च वाया होता.

२७ जून

क्लोनिंग, म्हणजे गाइड प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घालणं. यलोचे तेच दोन गाइड मुद्दाम दोन वेगळ्या प्लास्मिडमध्ये घातले. पीसीएफडी४ मध्ये गाइड यू६ प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या क्रमावर) असतात, म्हणजे माशीच्या प्रत्येक पेशीत बनतात, आणि आवर फक्त कॅस९वर. पीसीएफडी६ मध्ये गाइडसुद्धा यूएएसवरच असतात. त्यांच्या आजूबाजूला टीआरएनए हे छोटे आरएनए असतात आणि पेशीची स्वतःची एन्झाइमं ते टीआरएनए कापून गाइड सुटे करतात. पोर्ट आणि बुलक यांनी हे प्लास्मिड २०१६ मध्ये दिलं. इथे कॅस९ आणि गाइड दोन्हींवर कुलूप आहे. सेन्सलेसचे गाइड फक्त पीसीएफडी६ मध्ये.

पीसीएफडी६ने आठवडाभर छळलं. प्लास्मिड बीबीएसआय या एन्झाइमने उघडून गिब्सन पद्धतीने तुकडा जोडायचा, एवढंच काम. पण तुकड्यात एकसारखे क्रम पुन्हा पुन्हा येतात. जिवाणूंच्या बऱ्याच कॉलनींत मधला भाग गळून एकच गाइड उरला होता. दोन गोष्टींनी मार्ग निघाला. बीबीएसआयने उघडलेलं प्लास्मिड जेलमधून कापून स्वच्छ केलं, म्हणजे न उघडलेल्या प्लास्मिडच्या कॉलनी गेल्या. आणि कॉलनी पीसीआरमध्ये योग्य लांबीचा पट्टा दिसल्याशिवाय एकही कॉलनी वाचायला पाठवली नाही. टीआरएनएमुळे एक सोयही झाली. यू६वर गाइडची सुरुवात जीने करावी लागते, पीसीएफडी६ मध्ये तशी अट नाही.

८ जुलै

तिन्ही प्लास्मिड माशीच्या अंड्यांत इंजेक्शनने घालायला बंगळुरूला गेले. तिन्ही एकाच जागी, दुसऱ्या क्रोमोसोमवरच्या अ‍ॅटपी४० मध्ये बसवायला सांगितलं. जागा वेगळी असती तर दिसणारा फरक प्लास्मिडचा की जागेचा, हे सांगता आलं नसतं. संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च हाच.

२९ जुलै

यलोवर काम करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. पॅनिअर-गॅल४चा आमचा स्टॉक मुळातच यलो नसलेला निघाला. इंजेक्शनसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टॉकचंही तेच. त्यांच्या एक्स क्रोमोसोमवर मोडलेलं यलो असतं. माशी आधीच पिवळी असेल तर पिवळा पट्टा दिसणार कुठे?

उपाय क्रॉसच्या (माशांच्या संकराच्या) रचनेत आहे. मुलग्यांना एक्स फक्त आईकडून मिळतो. म्हणून कॅस९ आणि पॅनिअर-गॅल४ असलेल्या बाजूला धड यलोचा एक्स आणायचा, त्या बाजूच्या माद्या वापरायच्या, गाइडच्या बाजूचे नर वापरायचे आणि मोजणी फक्त मुलग्यांत करायची. त्यांच्यात यलोची एकच प्रत असते, एकदा कापलं की काम झालं. एक्स बदलायला दोन पिढ्या गेल्या. २५ अंशांवर एका पिढीला साधारण दहा दिवस धरा. इंजेक्शनच्या माशा यायच्याच होत्या, त्यामुळे वेळ फुकट गेला नाही.

जुलैच्या दमट हवेत खाद्यावर बुरशी फार येते. प्रोपिऑनिक आम्ल मक्याचं खाद्य थोडं निवल्यावरच घातलं तर टिकतं. उकळत्यात घातलं की उडून जातं.

१८ सप्टेंबर

पहिले निकाल. क्रॉससाठी लागणाऱ्या व्हर्जिन (नराशी संग न झालेल्या) माद्या गणेशोत्सवाआधीच गोळा करून ठेवल्या होत्या. २५ अंशांवर त्या आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागतात. बाटल्या १८ अंशांवर ठेवल्या तर साधारण सोळा तासांची सवड मिळते. विसर्जनाला रस्ते बंद असतात, तेव्हा ही सवड ध्यानात ठेवा.

आधी यू६चे गाइड आणि आमच्याकडचं जुनं, जोरदार यूएएस-कॅस९. पाठीवर पट्टा आला. पण पायांवर, पोटाच्या कडांना, डोक्यावरच्या केसांतही पिवळे ठिपके. मला वाटलं पॅनिअर-गॅल४च तिथे चालत असेल. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "अगं, टीएम६बीची भावंडं बघितलीस का?"

तिथेच सगळं होतं. पॅनिअर-गॅल४ टीएम६बी या बॅलन्सरसमोर (जोडीला ठेवलेल्या, खूण असलेल्या क्रोमोसोमसमोर) ठेवलेलं आहे, त्यामुळे त्याच बाटलीतल्या निम्म्या भावंडांना गॅल४ मिळतच नाही. कॅस९ आणि गाइड मात्र मिळतात. खांद्यावरच्या जादा केसांवरून ती ओळखू येतात. त्या भावंडांच्या अंगावरही पिवळे ठिपके होते. गॅल४ नसताना! म्हणजे दोष गॅल४च्या पॅटर्नचा नव्हता. यूएएसच्या पुढचा प्रमोटर स्वतःच थोडा थोडा चालतो, तेवढ्यात थोडं कॅस९ बनतं, गाइड तर यू६मुळे सगळीकडे हजरच असतो.

आरएनएआयमध्येही ही गळती असणारच. पण तिथे थेंबभर गळती पुसली जाते. आरएनए संपला की जनुक परत चालू होतं. कॅस९चा एक रेणू एकदा कापून गेला की ती पेशी आणि तिची सगळी पिल्लावळ कायमची बदलली. आरएनएआयमध्ये वर्षानुवर्षं चालून गेलेले गॅल४ स्टॉक क्रिस्परमध्ये का फसतात, त्याचं कारण एवढंच आहे, आणि पुढच्या सगळ्या नोंदी याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२५ सप्टेंबर

तापमान कमी करून पाहिलं, कारण गॅल४ १८ अंशांवर मंद चालतं. पट्टा फिका झाला, भावंडांवरचे ठिपके राहिले. साहजिक आहे. जी गळती गॅल४ची नाहीच, ती गॅल४ मंद करून कशी थांबेल?

याच सुमारास आणखी एक गोष्ट दिसली. पट्ट्याच्या जागी काही माशांचे केस गळलेले होते, पाठीची मधली रेघ चिरलेली होती. यलो मोडल्याने असं होत नाही. म्हणून गाइडशिवाय फक्त पॅनिअर-गॅल४ आणि कॅस९ असा क्रॉस लावला. तिथेही तेच. मग ज्या गॅल४वर पुढे काम करायचं आहे, ते पॅचड-गॅल४ आणि कॅस९ एकत्र आणून अळ्यांच्या विंग डिस्क तुकडे झालेल्या डीसीपी-१ (मरत्या पेशींची खूण असलेलं प्रथिन) विरुद्धच्या अँटिबॉडीने रंगवल्या. गाइड नसतानाही पट्ट्यातल्या पेशी मरत होत्या. कॅस९ खूप बनलं तर ते पेशीला विषारी ठरतं. गाइडशिवायचा हा कंट्रोल लावल्याशिवाय कोणीही आपल्या जनुकाबद्दल निष्कर्ष काढू नये. पेशी मेल्यामुळे दिसणारा परिणाम सहज जनुकाच्या नावावर खपतो.

१४ ऑक्टोबर

कॅस९ बदललं. हायडलबर्गच्या गटाने, पोर्ट आणि बुत्रोस यांनी, २०२० मध्ये यूएएस-यूएम-कॅस९ प्रसिद्ध केलं. त्यात कॅस९च्या आधी आणखी एक वाचनचौकट, म्हणजे प्रथिन बनवताना वाचला जाणारा तुकडा, टाकलेली आहे. रायबोसोम (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) बहुतेक वेळा तीच वाचून सुटतो, कॅस९पर्यंत क्वचित पोचतो. चौकट जितकी लांब तितकं कॅस९ कमी. यूएम ही मधली लांबी. कापायला पुरेसं आणि पेशी मारण्याइतकं नाही.

परदेशातून माशा मागवणाऱ्यांनी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि आयातीचे कागद माशा निघण्याआधी हातात ठेवावेत. आमचं पार्सल वाटेत अडकलं आणि काही व्हायलमधल्या माशा मेल्या. वाचल्या त्या खाद्यात घातलेल्या अंड्यांमुळे. प्रौढ माशा मेलेल्या दिसल्या तरी व्हायल टाकू नका, आठवडाभर २५ अंशांवर ठेवून अळ्या येतात का बघा. आलेला स्टॉक पहिल्या दोन पिढ्या बाकीच्यांपासून लांब ठेवा. माइट्स शिरल्या तर खोलीतला प्रत्येक स्टॉक धोक्यात येतो.

११ नोव्हेंबर

दिवाळीत सगळं १८ अंशांवर ठेवून गेलो होतो, आल्यावर क्रॉस मोजले.

यूएम-कॅस९ आणि यू६ गाइड: पाठीची चीर गेली, केस जागेवर. ठिपके खूप कमी झाले, पण गॅल४ नसलेल्या भावंडांत अजूनही अधूनमधून दिसतात. यूएम-कॅस९ आणि पीसीएफडी६: पाठीवर स्वच्छ पट्टा, आणि भावंडं पूर्ण तपकिरी. बाटल्यामागून बाटल्या पाहिल्या, एकही पिवळा केस सापडला नाही. कॅस९ची गळती आणि गाइडची गळती, दोन्ही एकाच पेशीत एकाच वेळी व्हाव्या लागतात, आणि ते क्वचित घडतं.

याचा तोटाही सांगते. पीसीएफडी६चा पट्टा यू६इतका भरीव येत नाही. मध्ये मध्ये तपकिरी बेटं राहतात. मला हा सौदा मान्य आहे. पट्ट्यातली न कापलेली पेशी डोळ्यांना दिसते, तिला वगळून मोजता येतं. पट्ट्याबाहेर कापली गेलेली पेशी दिसली नाही, तर अख्खा निष्कर्ष खोटा पडतो.

२२ नोव्हेंबर

डीएनएवर खात्री करून घ्यायची म्हणून टी७ एन्डोन्यूक्लिएज चाचणी: डीएनएचे दोन धागे जिथे जुळत नाहीत तिथे हे एन्झाइम कापतं आणि जेलवर तुटलेले पट्टे दिसतात. कंट्रोलमध्येही तुटलेले पट्टे दिसले. कारण: चाचणीला माद्या घेतल्या गेल्या. माद्यांत दोन वेगळ्या स्टॉकचे दोन एक्स असतात आणि त्यांच्यात एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असतोच. टी७ला तो फरक आणि क्रिस्परची जखम यांतला भेद कळत नाही. मुलगे घेतल्यावर कंट्रोल स्वच्छ झाला.

पण मुलग्यांत खऱ्या नमुन्याचा तुटलेला पट्टाही जेलवर जेमतेम दिसला. अख्खी माशी कुटली तर पाठीवरच्या थोड्या पेशींचा डीएनए बाकी सगळ्या शरीरात हरवून जातो. पाठीचा तुकडाच कापून घेतला, सॅन्गरने वाचला आणि मिसळलेला आलेख सॉफ्टवेअरने सोडवला, तेव्हा आकडे डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्याशी जुळले. ठरावीक पेशींतल्या संपादनासाठी अख्ख्या माशीवर टी७ करू नये. पैसे आणि एन्झाइम दोन्ही जातात.

२३ डिसेंबर

आता खरं काम. विंग डिस्क, पॅचड-गॅल४, सेन्सलेसचे गाइड. सेन्सलेस प्रथिन डिस्कच्या मधून आडव्या जाणाऱ्या दोन ओळींत दिसतं, पंखाची कड जिथे होणार तिथे. पॅचडचा पट्टा त्या ओळींना उभा छेदतो. छेदाच्या जागी सेन्सलेस गायब व्हायला हवं, बाकी ओळ अखंड. शिवाय सेन्सलेस अळीच्या शेवटच्या टप्प्यात बनतं. त्यामुळे जुनं प्रथिन रेंगाळत राहण्याचा त्रास नाही. आधीपासून साठलेल्या, सावकाश झिजणाऱ्या प्रथिनाचं जनुक निवडलं तर डीएनए कापला जाऊनही दिवसेंदिवस काहीच दिसत नाही, आणि गाइड चालत नाही असा गैरसमज होतो.

पॅचड-गॅल४ आणि कॅस९ दोन्ही दुसऱ्या क्रोमोसोमवर असल्याने ते एकाच क्रोमोसोमवर आणावे लागले. हे फक्त माद्यांमधून होतं, नर माशीत क्रोमोसोमची अदलाबदल होत नाही. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरचा बराच भाग यात गेला.

निकाल: छेदाच्या जागी खिंड आहे. पण ती पॅचडच्या पट्ट्यापेक्षा बरीच रुंद, आणि पुढच्या अर्ध्या भागात दूरवर तुटक तुटक. मागचा अर्धा भाग अखंड. गॅल४ नसलेली भावंडं अखंड. म्हणजे ही सप्टेंबरची गळती नव्हे.

१३ जानेवारी २०२५

जी-ट्रेस लावलं. २००९ मध्ये आलेलं हे साधन दोन रंग दाखवतं: या क्षणी गॅल४ असलेल्या पेशी लाल, आणि जिच्या पूर्वजांत कधीही गॅल४ होतं ती प्रत्येक पेशी हिरवी. पॅचडमध्ये लाल पट्टा अरुंद आला, हिरवा मात्र डिस्कच्या पुढच्या अर्ध्यात दूरपर्यंत पसरलेला. डिस्क लहान असताना पॅचड पुढच्या भागात सगळीकडेच चालू असतं; वाढताना ते आक्रसून सीमेवरच्या पट्ट्यात येतं. कॅस९ने लहानपणीच कापून ठेवलं होतं.

क्रिस्परच्या माणसाला हिरवा रंगच महत्त्वाचा. गॅल४ आज कुठे आहे यावरून काहीच ठरत नाही. ते आजवर कुठे कुठे होऊन गेलं यावर सगळं ठरतं. गॅल४ निवडण्याआधी त्यावर जी-ट्रेस करून घ्या. एका क्रॉसचं काम आहे. हे जूनमध्येच झालं असतं तर डिसेंबर वाचला असता.

हा प्रश्न माशांपुरता नाही, म्हणून इथे थोडं थांबते. सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून संपादित करतात, म्हणजे कुठल्या पेशीत कापायचं हा प्रश्न शरीराबाहेर सोडवला जातो. त्यापुढची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. बीसीएल११ए हे जनुक मोडलं की गर्भातलं हिमोग्लोबिन परत बनू लागतं, पण तेच जनुक बी पेशींना आणि खुद्द मूळपेशींनाही लागतं. म्हणून जनुकाला हात न लावता, लाल रक्तपेशींच्या वंशातच ते चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा, एन्हान्सर, कापला जातो. कॅस९ सगळ्या मूळपेशींत कापतं, परिणाम मात्र लाल पेशींतच दिसतो. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. पेशी बाहेर काढणं, केमोथेरपी, महिनोन्‌महिने रुग्णालय हे सगळं टाळून उपचार शरीरातच पोचवायचा असेल, तर ज्या गळतीशी आम्ही माशीच्या पाठीवर झगडतो आहोत तिला उत्तर शोधावंच लागेल.

३ फेब्रुवारी

उपाय: गॅल८०टीएस. हे प्रथिन १८ अंशांवर गॅल४ला दाबून ठेवतं, २९ अंशांवर सोडतं. तिसऱ्या क्रोमोसोमवरचं घेतलं. अळ्या तिसऱ्या अवस्थेत येईपर्यंत १८ वर, मग २९ वर. १८ अंशांवर वाढ जवळजवळ निम्म्या वेगाने होते, त्यामुळे प्रत्येक फेरीला वेळ लागतो.

२९ वर चोवीस तास ठेवून डिस्क काढल्या तर सेन्सलेस जवळपास जसंच्या तसं. कॅस९ बनायचं, गाइड सुटे व्हायचे, कापायचं, चुकीची जोडणी व्हायची, एवढं सगळं त्यात मावत नाही. अठ्ठेचाळीस तासांना खिंड आली, आणि ती लाल पट्ट्याच्या रुंदीची! पुढचा भाग अखंड. खिंडीत काही पेशी सेन्सलेस बाळगून आहेत, त्या मोजणीत वेगळ्या धरते. शेवटपर्यंत १८ वरच ठेवलेल्या डिस्क पूर्ण अखंड, म्हणजे गॅल८० नीट दाबून धरतं.

एक अख्खी तुकडी मात्र गेली. रात्री वीज गेली, १८चा इन्क्युबेटर खोलीच्या तापमानाला आला, गॅल८० सैल पडलं. सकाळी इन्क्युबेटर पुन्हा १८ दाखवत होता आणि माशा बाहेरून निरोगीच होत्या. डिस्क रंगवल्यावर पुढच्या भागातली तुटक खिंड दिसली. आता आत तापमान नोंदवणारा लॉगर कायमचा ठेवला आहे आणि १८चा इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घेतला आहे. लॉगरच्या नोंदीत तापमान चढलेलं दिसलं तर तुकडी टाकून द्यावी, माशा कितीही धड दिसोत.

१७ फेब्रुवारी

सध्या प्रत्येक क्रॉसबरोबर हे तीन कंट्रोल लागतात: गॅल४ नसलेली भावंडं, गाइडशिवाय कॅस९, आणि शेवटपर्यंत १८ अंशांवर ठेवलेल्या अळ्या. नवा गॅल४ आला की आधी जी-ट्रेस. नवं जनुक घेणाऱ्यांनी स्वतः क्लोनिंग करण्याआधी व्हिएन्नाच्या स्टॉक सेंटरची हायडलबर्ग गाइड-संग्रहाची यादी बघावी. त्यात पीसीएफडी६चे हजारो स्टॉक तयार आहेत, आपल्याला हवं ते जनुक त्यात सापडलं तर इंजेक्शनचा खर्च वाचतो.

कॅस९ आणि गाइड एकाच स्टॉकमध्ये एकत्र ठेवायचे नाहीत, सोयीचं वाटलं तरी नाही. बीजपेशीत एकदा जरी गळती झाली तर तो बदल पुढच्या पिढीत जातो आणि काही महिन्यांत अख्खा स्टॉक आतून बदललेला असतो. दोन्ही वेगळ्या व्हायलमध्ये, वेगळ्या रॅकवर, आणि गाठ फक्त प्रयोगाच्या क्रॉसमध्ये. आमच्या रॅकवर आजपासून तशी लेबलं आहेत: कॅस९ लाल, गाइड निळं.